आगे गाना है

दारव्ह्याच्या बसस्टँडमागं, पंक्चरवाल्याला लागून,
आठ बाय सहाचं माझं रेकॉर्डिंग सेंटर.
साठची कॅसेट भरायला बारा रुपये, नव्वदची अठरा,
गाण्यांची यादी गिऱ्हाईकानं लिहून आणायची.
रुकय्याबी यादी आणत नसे.
पदरात गुंडाळलेली कॅसेट काऊंटरवर ठेवून
स्टुलावर बसायची, रस्त्याकडे पाठ करून.

कॅसेट कुवेतची. तिचा शफाअत तिकडे नळ जोडायचा.
लिहिणं त्याला कधी जमलं नाही.
म्हणून बाजारातली गाण्याची तयार कॅसेट घ्यायची,
मागच्या भोकांवर चिकटपट्टी लावायची
आणि गाण्यावरच बोलायचं:
पगार, पाठीचं दुखणं, झुबेदाचं कुठं जमलं का,
बकरी व्याली का.
मग घसा खाकरून,
"अम्मी, बस इतनाच. आगे गाना है."
आणि खट्.
त्या खट्‌च्या पलीकडून, ओळीच्या अर्ध्यातूनच,
एक अरबी माणूस गायला लागायचा.

मी बटणाकडे हात नेला तर म्हणाली,
"रहने दे बावा.
उसके कमरे में बी यहीच बजता होएंगा."

एक प्रत मी चोरून काढली. तिला आजवर सांगितलं नाही.
डफ, टाळ्या, बायकांनी जिभेनं काढलेल्या किलकाऱ्या
आणि एक सूर, जो पेटीवाल्या नत्थूजीला सापडेना.
काळ्या पट्टीत नाही, पांढऱ्या पट्टीत नाही.
"दोघीच्या फटीत बसला हाय थो," नत्थूजी म्हणाला,
"माह्या पेटीत त्याले घर नाई."
बँडवाल्या झिंगराजी खडसेनं क्लॅरिनेट ओठात जरा सैल धरली
आणि सूर निघाला फटीतून,
ओला, वासराच्या नाकासारखा.

त्या उन्हाळ्यात तो बोरीअरबच्या वरातीत वाजला.
गावाच्या नावात अरब, पण अरबी कुणी ऐकलेली नव्हती.
"कोन्या पिक्चरचं हाय बे?" पोरं विचारत.
"अजून लागला नाई," झिंगराजी सांगे,
आणि पुन्हा वरच्या पट्टीत घेई.
पुढं दंडारीत त्याला शब्द फुटले,
सासूचे, संत्र्यांचे, तहसीलदाराच्या जीपचे.
तिसऱ्या वर्षी यवतमाळहून छापील कव्हरची कॅसेट आली.
गाणं आपलंच.
खाली बारीक अक्षरात: पारंपरिक.
झिंगराजीनं ती माझ्याकडूनच भरून नेली. अठरा रुपये. रोख.

मधल्या एका पत्रात शफाअत म्हणाला होता,
"ये गानेवाला पहले टायर बनाता था, अम्मी.
रेडिओवाले अंदर नहीं लेते, बोलते गली का है.
टॅक्सीवाले लेते."
शेजारी पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा शोधत बसला होता.
त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यानं दिले.

नव्वदच्या पोळ्याआधी कुवेत पेपरच्या पहिल्या पानावर आलं.
पत्रं थांबली.
रुकय्याबी जुनीच कॅसेट घेऊन आली.
"बोलनेका आगे सरका," म्हणाली.
"बोलना पुराना हो गया. गाना लगा."

संध्याकाळचं व्होल्टेज पडलेलं. मोटार ओढत होती.
गाणं जड झालं, खाली खाली उतरत गेलं,
जवान माणूस म्हाताऱ्यासारखा गाऊ लागला.
मी म्हटलं, लाइटचा घोळ आहे, आपा.
"नहीं," ती म्हणाली, "थक गया बिचारा."
आणि शेवटपर्यंत बसली.
पट्टी संपून नुसती खरखर आली, तीही ऐकली.

तुळशीची लग्नं लागून गेल्यावर
यवतमाळच्या यष्टीतून एक माणूस उतरला,
हातात प्लास्टिकची पिशवी, बाकी काही नाही.
समोरून कुणाची तरी वरात येत होती.
झिंगराजीनं नेमका तोच सूर लावलेला.
तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला,
घोडा त्याला वळसा घालून गेला.
मग त्यानं पहिल्या दुकानात, म्हणजे माझ्या, डोकं घातलं.
"भाई, ये इधर किसने लाया?"

मी कुणाची तरी यादी उतरवत होतो.
वर पाहिलं नाही.
म्हटलं, तुमची अम्मी आत्ताच गेली इथून,
स्टूल अजून गरम असेल.